सागिनबेकची भरती

अक-काप्काच्या धरणावर माणसं भरती करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा वाटलं होतं की रांगा लागतील. लागल्याही. पहारेकऱ्याच्या जागेसाठी दोनशे अर्ज, ड्रायव्हरसाठी तीनशे, आणि 'कुठलंही काम चालेल' असं लिहिलेले तर इतके की ठेवायला कपाट पुरेना. आम्हाला हवे होते वेल्डर.

धरणाचं पाणी डोंगराच्या पोटातून खाली यंत्रघरात आणायचे पोलादी नळ असतात. घोड्यावर बसलेला माणूस टोपी न काढता आतून जाईल, एवढे मोठे. त्यांचे सांधे जोडणारी माणसं हवी होती. त्या सांध्यांवर दोनशे मीटर उंच पाण्याचा भार येणार, म्हणून प्रत्येक सांध्याचा एक्स-रे काढतात. फिल्मवर केसाएवढी रेघ दिसली तरी सांधा कापायचा आणि पुन्हा करायचा. असं काम येणारे लोक आमच्या किर्गिझ मुलखातच जन्मतात, इथेच शिकतात आणि मग रशियाला निघून जातात.

आलेल्या एकसष्ट वेल्डरांपैकी आमच्या चाचणीत पाच टिकले. एकाकडे सहाव्या श्रेणीचं, म्हणजे सगळ्यांत वरचं प्रमाणपत्र होतं, आणि त्याने जन्मात फक्त अंगणाची फाटकं जोडली होती. हे कुठे मिळालं, म्हणून मी विचारलं. बाजारात, असं त्याने सरळ सांगितलं. त्याचा प्रामाणिकपणा मला आवडला, पण त्याला परत पाठवावं लागलं.

आमचे साहेब मेलिस असानोविच रोज सकाळी माझ्या खोलीत डोकावायचे. "अनारकुल, मला बत्तीस हवेत. पाच जणांकडून काय, चहाची किटली जोडून घेऊ?"

मी या कामात नवखी होते. आधी वीस वर्षं शहरातल्या कापडगिरणीच्या कर्मचारी विभागात होते, आणि त्यातली शेवटची आठ वर्षं माणसांना घरी पाठवण्याचे कागद टाइप करण्यात गेली. शेवटचा कागद माझा स्वतःचाच होता. माणसाला बोलावून आणायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

त्या पाचांपैकी एकाने एकदा फॉर्म भरता भरता मला एजे, म्हणजे ताई, म्हणत सांगितलं, की तुम्ही उगाच इथे शोधताय. साज-बुलाक गावचा सागिनबेक सायबेरियात गॅसच्या पाइपलाइनवर आहे, त्याच्या हाताखाली नऊ जण आहेत, सगळे आपलेच. तो उठला तर नऊही उठतील. तो बसून राहिला तर एकही यायचा नाही. आणि ऑक्टोबरात तो घरी येणार आहे, आईचं वर्षश्राद्ध आहे.

मी श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी गेले. पाहुणे पांगले होते, अंगणात मोठ्या कढया पालथ्या घातलेल्या होत्या. सागिनबेक त्रेपन्न वर्षांचा, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. ऐकताना मान जराशी उजवीकडे वळवायचा. मला वाटलं, कानाने कमी ऐकतो. त्याची बायको बुरुल हिने लोकरीच्या नमद्यावर दस्तरखानाचं कापड पसरलं, त्यावर बोरसोक, म्हणजे तळलेल्या कणकेचे तुकडे, ओतले आणि ती चहाच्या वाट्या भरत बसली. मी त्याला बाइके म्हणाले आणि तिला जेने, आमच्याकडे थोरल्या भावाला आणि वहिनीला म्हणतात तसं.

माझ्याकडे विभागाने दिलेली एक रंगीत पुस्तिका होती. वर दिव्यांनी लखलखणारं धरण, खाली हसरी मुलं. ती मी बाहेर काढली. सागिनबेकने ती घेतली नाही, हातही पुढे केला नाही.

"माझ्या बापालाही याच धरणावर आणलं होतं," तो म्हणाला. "शहाऐंशी साली. असाच एक जण आला होता, अशीच बॅग घेऊन. पंधरा वर्षांचं काम, दोन खोल्यांचं घर, मुलांना शाळा. पाचव्या वर्षी काम थांबलं. काम कसलं, देशच राहिला नाही."

मग त्याने बापाची उरलेली हकिकत सांगितली, आणि ती सांगताना आवाज अजिबात चढवला नाही. बाप बोगदे खणणारा होता. काम थांबल्यावर बाकीचे निघून गेले, हा त्या ओसाड वसाहतीत नऊ वर्षं राहिला. रोज सकाळी बूट घालून बोगद्याच्या तोंडापर्यंत जायचा, आत वाकून बघायचा आणि परत यायचा. कुणीतरी बोलवायला येईल आणि आपण घरी नसू, अशी भीती त्याला वाटायची. तिथेच वारला. "तेव्हा मला पंधरा वर्षांच्या गोष्टी सांगू नका," सागिनबेक म्हणाला.

मी पुस्तिका बॅगेत परत ठेवली. पंधरा वर्षांचं वचन देणं माझ्या हातात नाही, असं मी त्याला सांगितलं. करार तीन वर्षांचा आहे, मग पुन्हा तीन. नळांचं पोलाद आलेलं आहे, ते मी डोळ्यांनी पाहिलंय, त्याच्यावर हात ठेवून पाहिलाय. पगार सायबेरियापेक्षा कमी आहे. वसाहतीतल्या खोल्या गरम असतात, पण पाणी कधी कधी जातं. याच्यापलीकडे मला काही माहीत नाही.

त्याने एक बोरसोक तोडून चहात बुडवला. मला वाटलं, झालं. चहा संपवावा आणि निघावं.

तेवढ्यात बुरुलने विचारलं, "इथून किती लांब आहे ते?"

"जीपने दोन तास, जेने. खिंड उघडी असेल तर."

तिने माझी वाटी भरली, मग त्याची. "हा एकोणीस वर्षं तिकडे आहे," ती मला म्हणाली, जणू तो तिथे बसलेलाच नव्हता. "वर्षाला पंचवीस दिवस घरी येतो. म्हणजे एकोणीस वर्षांत मी याच्याबरोबर सव्वा वर्ष संसार केलाय. अजून याच्या चहात साखर घालू की नको, ते विचारावं लागतं."

"नको. तुला माहीत आहे."

"मागच्या वर्षी हवी होती."

त्याने बिनसाखरेचा चहा प्यायला आणि मला फाटकापर्यंत सोडायला आला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. फेब्रुवारीत त्याचा फोन आला. मागे यंत्राची घरघर चालू होती. "नऊ जणांना घेऊन येतोय," तो म्हणाला. "त्या खोल्या खरंच गरम असतात ना?"

मार्चमध्ये दहा जण उतरले. पाठीवर पिशव्या, हातात आपापले वेल्डिंगचे मुखवटे, दुसऱ्या कुणाचा मुखवटा कुणी वापरत नव्हतं. त्यांच्यात बुरुलचा धाकटा भाऊ एर्मेक होता, तिशीतला, बडबड्या. मेलिस असानोविच स्वतः बसपर्यंत गेले आणि प्रत्येकाशी दोन्ही हातांनी हात मिळवला. त्या आठवड्यात दहाही जणांनी चाचणीच्या जाड प्लेटा जोडल्या. फिल्म आल्या, दहाच्या दहा पास. साहेबांनी माझ्या टेबलावर चॉकलेटचा डबा ठेवला. असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं, पुढेही केलं नाही.

चाचणीनंतर वैद्यकीय तपासणी. ती आमच्याकडे डॉक्टर राइसा करतात. बाईंचा हात हलका आणि जीभ जड. त्यांनी मला दवाखान्यात बोलावून घेतलं आणि दार लावलं.

"तुझ्या म्होरक्याचा उजवा डोळा गेलाय," त्या म्हणाल्या. "कडेने दिसतं, मधलं दिसत नाही. समोर बोट धरलं तर त्याला मनगट दिसतं, बोट दिसत नाही. हे आजचं नाही, चार-पाच वर्षांचं आहे. वेल्डिंगच्या आर्कचा उजेड. डावा अजून चांगला आहे, पण असंच काम करत राहिला तर तोही जाईल."

तिकडे दरवर्षी तपासणी होत असेल ना, असं मी विचारलं. बाई हसल्या नाहीत. तिकडचे कागद त्यांनी पाहिले होते. प्रत्येक वर्षी शिक्का होता, दोन्ही डोळे उत्तम.

मी सागिनबेकला माझ्या खोलीत बोलावलं आणि जसं होतं तसं सांगितलं. त्याला धक्का बसला नाही. त्याला माहीत होतंच. त्याने फक्त विचारलं, "पोरांना सांगितलंत?"

"ते सांगायचा मला हक्क नाही, बाइके."

"मग तपासणीच्या कागदावरची एक ओळ बदला." तो पुढे झुकला. "मी डोळ्याने काम करत नाही, हाताने करतो. तीस वर्षांचा हात आहे. माझी फिल्म पाहिलीत ना? त्यात कुठे दिसला का तुम्हाला माझा डोळा?"

दिसला नव्हता. फिल्म पास होती, तशी नोंद माझ्याच फायलीत होती. मी एवढंच म्हणाले की सकाळपर्यंत थांबा.

तो बाहेर पडला आणि मेलिस असानोविच आत आले. त्यांना राइसाबाईंकडून कळलं होतं. वाईट माणूस नव्हे तो. त्यांना राजधानीतून रोज फोन येत होते, नळ उघड्यावर पडलेले, वेल्डर नाहीत म्हणून. त्यांनी समोर बसून शांतपणे सांगितलं, की 'मर्यादित पात्र' असा शेरा असतो, तो लिही, खाली तुझी सही, वर माझी. माणूस काम करतोय, त्याची इच्छा आहे, आपली गरज आहे. कुणाचं काय बिघडतंय? तो गेला तर नऊ जातील.

पेन माझ्या हातात होतं. खरं सांगते, नळ फुटेल वगैरे विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही. मला ती चहा ओतणारी बाई दिसत होती. मी काही तिच्या नवऱ्याचं मन वळवलं नव्हतं. तिने तो मला दिला होता, जवळ राहावा म्हणून. दोन वर्षांनी हात धरून चालवत त्याला तिच्याकडे सोडायला कोण जाणार होतं?

"मी नाही सही करत, मेलिस असानोविच," मी म्हणाले.

"मग नऊ वेल्डर तू स्वतः जोड," ते म्हणाले, आणि दार न आपटता गेले. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी सागिनबेकला नकार कळवला. त्याने वाद घातला नाही. पोरांना त्याने सांगितलं की घरी काम निघालंय, आणि सकाळच्या बसने गेला. मुखवटा मात्र घेऊन गेला. पोरं खुळी नव्हती. मुखवटा घेऊन माणूस दोन दिवसांसाठी घरी जात नाही, हे त्यांना समजलं. ती कामावर गेली नाहीत, खोल्यांत पत्ते खेळत बसली. तिसऱ्या दिवशी एर्मेक माझ्यासमोर उभा राहिला. त्या दिवशी तो बडबड करत नव्हता.

"एजे, आमचा माणूस कुठे आहे ते सांगा. नाहीतर आमचे पासपोर्ट द्या."

पासपोर्ट नोंदणीसाठी माझ्याकडे होते. मी कपाट उघडून नऊही त्याच्यासमोर ठेवले आणि म्हटलं, हे तुमचे आहेत, केव्हाही न्या. सागिनबेकचं मात्र सागिनबेकलाच विचारा. मला फक्त शुक्रवारपर्यंत वेळ द्या. त्याने पासपोर्ट पाहिले, उचलले नाहीत. म्हणाला, शुक्रवारपर्यंत ठेवा.

वेळ मागितला खरा, पण त्या वेळात करायचं काय, हे मला ठाऊक नव्हतं. त्या दुपारी मी पोरांचे चाचणीचे अहवाल आणायला प्रयोगशाळेत गेले. तिथे फिल्म वाचणारा एकच माणूस होता, इवान पेत्रोविच, सत्तरीला टेकलेला, निवृत्तीतून परत बोलावलेला. त्याच्या टेबलावर फिल्मांचा ढीग होता आणि डोळे लाल झाले होते. तो सह्या करेपर्यंत मी भिंतीवरचे कागद वाचत बसले. कर्मचारी विभागातल्या माणसाला ती सवयच असते, भिंतीवर चिकटवलेलं सगळं वाचायची. एक कागद फिल्म वाचणाऱ्यांच्या पात्रतेचा होता. नजर: जवळचं बारीक अक्षर वाचता यावं. चष्मा चालेल. एका डोळ्याने वाचता आलं तरी चालेल.

मी ते तीनदा वाचलं. मग दवाखान्यात गेले. राइसाबाईंनी कार्ड काढलं. सागिनबेकच्या डाव्या डोळ्याने तक्त्यावरची सगळ्यांत खालची ओळ वाचली होती.

इवान पेत्रोविचकडे फिल्म बघायची हातात धरता येईल अशी दिव्याची पेटी होती. नुसत्या खिडकीच्या उजेडात या फिल्म काळ्याकुट्ट दिसतात. पेटी आणि त्या दहा फिल्म मी मागून घेतल्या. त्यांच्यावर नावं नसतात, फक्त आकडे असतात. गुरुवारी सकाळी जीप घेऊन साज-बुलाकला निघाले.

बुरुल फाटकातच भेटली. "बरं झालं आलीस," ती म्हणाली. "चार दिवस मेंढ्यांचं कुंपण ठोकतोय. कुंपण गेल्या वर्षीचंच आहे. काय केलंत तुम्ही याला?"

बाइकेंनाच सांगू दे, एवढंच मी म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मला आत नेलं. सागिनबेक आला, हात धुऊन बसला. मी दवाखान्याचं, नोकरीचं काहीच काढलं नाही. पेटी नमद्यावर ठेवली, दिवा लावला, पहिली फिल्म लावली आणि म्हटलं, बाइके, हे जरा बघता का? मला यातलं काही कळत नाही.

त्याला माझी लबाडी कळली असणार. पण समोर फिल्म होती. त्याने खिशातून चष्मा काढला, पेटीवर वाकला, उजवा डोळा मिटला.

"हा एर्मेक," तो म्हणाला. "बघा, सुरुवात कशी सुरेख करतो. आणि इथे, सांध्याच्या शेवटच्या चार बोटांच्या अंतरात घाई. जेवणाची घंटा झाली असेल." दुसरी फिल्म. "हा तालाय. डावखुरा आहे, सांध्यावरच्या लाटा उलट्या पडतात." तिसरी, चौथी. एकेका फिल्मसमोर तो एकेका माणसाबद्दल बोलत गेला. हा घाबरट, हात फार दाबतो. हा रोज सकाळी पहिल्या तासाला चुकतो आणि मग दिवसभर देवासारखा. मी आकडे माझ्या यादीशी लावून पाहत होते. एकही चुकत नव्हता. आणि तो जितका बोलला, तितका मी त्याला त्याआधी बोलताना ऐकलं नव्हतं.

बुरुल चहाची किटली हातात घेऊन उभी होती. "उजवा का मिटलायस?" तिने विचारलं.

तो थांबला. डोळा उघडला, आणि त्याचा काही उपयोग नाही म्हणून की काय, पुन्हा मिटला. "त्याने दिसत नाही," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"चार वर्षं झाली."

ती किटली तशीच घेऊन खाली बसली. मग ती हळू आवाजात म्हणाली, "मागच्या हिवाळ्यात दाराच्या चौकटीला आपटलास. मी म्हटलं पिऊन आलास. आठवडाभर बोलले नाही तुझ्याशी." तिने बोटं मोजल्यासारखी केली. "पंचवीस दिवसांतला आठवडा. सांगायचं नाहीस?"

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं नसतंस."

"नसतंच दिलं."

मला उठून बाहेर जावंसं वाटलं. पण सागिनबेकने पुढची फिल्म मागितली. बहुतेक त्याला बायकोच्या तोंडाकडे बघणं टाळायचं होतं. शेवटची, दहावी फिल्म मी लावली. ती तो इतरांपेक्षा जास्त वेळ बघत राहिला. चष्मा पुसला, पुन्हा वाकला.

"ही पास केलीत?"

मी अहवाल पाहिला. पास होती, खाली इवान पेत्रोविचची सही.

"म्हाताऱ्याचे डोळे थकलेत," तो म्हणाला आणि नखाने एका कडेला दाखवलं. मला आधी काही दिसलं नाही. मग दिसली, कडेला लागून, धुक्यातून दिसावी तशी एक बारीक काळी रेघ. "इथे धातू नुसता टेकलाय, चिकटलेला नाही. उजव्या काठाला." त्याने बोट तिथेच ठेवलं. "ही माझी आहे."

यादीत बघायची मला गरज नव्हती. त्याने स्वतःच पेटीचा दिवा बंद केला.

मग मी त्याला मी कशासाठी आले ते सांगितलं. आम्हाला फिल्म वाचणारा हवा आहे. एक डोळा चालतो, कागदावर तसं लिहिलेलं आहे. पण परीक्षा द्यावी लागेल, बिश्केकला, लेखी, रशियनमध्ये. तोवर इवान पेत्रोविचच्या हाताखाली मदतनीस म्हणून ठेवता येईल. पगार वेल्डरचा नसेल.

"मी आठवी शिकलोय," तो म्हणाला.

"मी दहावी," बुरुल म्हणाली. "मी घेईन पाठ करून."

शुक्रवारी तो परत आला आणि जेवणघरात सगळ्यांदेखत त्याने पोरांना डोळ्याचं सांगितलं. मी तिथे नव्हते. एर्मेकने मागाहून सांगितलं की सागिनबेक उभा राहून चार वाक्यं बोलला आणि पाचव्यात म्हणाला की तुम्हीही नऊ जण राइसाबाईंकडे जा आणि खरं तेच सांगा. नऊपैकी एक जण एप्रिलमध्ये सायबेरियाला परत गेला, तिथल्या पगाराची त्याला गरज होती. आठ राहिले. मेलिस असानोविच मला काही म्हणाले नाहीत. फक्त मदतनीसाच्या जागेच्या कागदावर सही करताना कागद न वाचता सही केली, आणि ते प्रत्येक कागद वाचतात.

परीक्षेत तो पहिल्या वेळी नापास झाला. फिल्म सगळ्या अचूक वाचल्या, पण लेखीत किरणांच्या भौतिकशास्त्रावर वीस प्रश्न होते, त्यांतले सहा जमले. परतीच्या बसमध्ये, बुरुलने सांगितलं, तो खिडकीकडे तोंड करून बसला होता, शाळेत मार खाल्लेल्या मुलासारखा. त्या उन्हाळ्यात दर रविवारी तो घरी गेला की ती पुस्तक उघडून बसायची. तिला स्वतःला त्यातलं काही कळत नव्हतं. पण उत्तरात एक शब्द चुकला तरी ती त्याला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायची. सप्टेंबरात तो पास झाला.

आणि त्याच ऑक्टोबरात त्याने एर्मेकचा सांधा नापास केला. तिसऱ्या नळाचा, नऊ दिवस राबून केलेला. एर्मेक आधी हसला, त्याला वाटलं थट्टा आहे. मग प्रयोगशाळेत येऊन भांडला. इवान पेत्रोविच असते तर सोडलं असतं, तो म्हणाला. सागिनबेकने त्याला खुर्ची दिली, पेटीसमोर बसवलं आणि सांध्याची ती शेवटची चार बोटं दाखवली. एर्मेकने बघितलं आणि तो निघून गेला. सांधा कापला, पुन्हा केला. पण त्या हिवाळ्यात तो बहिणीच्या घरी एकदाही जेवायला गेला नाही. वसंतात नवरोजच्या सणाला बुरुल स्वतः वसाहतीत आली, भावाच्या खोलीत सुमोलोकचं, म्हणजे अंकुरलेल्या गव्हाच्या खिरीचं, भांडं ठेवून गेली, आणि जाताना नवऱ्याच्या खोलीत डोकावून म्हणाली की मीही कधीतरी रागावू शकते, हे दोघांनीही लक्षात ठेवा. पुढच्या रविवारी दोघेही एकाच जीपने साज-बुलाकला गेले. रस्ताभर बोलले की नाही, मला माहीत नाही.

आता आमच्याकडे सत्तावीस वेल्डर आहेत. त्यांतले अकरा इथेच तयार झालेले, सागिनबेकने आणि त्याच्या पोरांनी शिकवलेले. अजून पाच हवेत, आणि दुसऱ्या बोगद्याचं काम निघालं की आणखी वीस लागतील. म्हणून या वसंतात मी पुन्हा गावोगाव फिरतेय, आणि सागिनबेकला बरोबर नेते. त्याला हे आवडत नाही. सभेत तो कोपऱ्यात बसतो, आणि कुणी विचारलं तरच बोलतो.

मागच्या आठवड्यात वर, टेकीर नावाच्या वाडीत होतो. शाळेच्या खोलीत पंधरा-वीस माणसं जमली होती. माझं सांगून झालं, पुरुषांचे प्रश्न विचारून झाले, आणि शेवटी दाराशी उभी असलेली एक बाई पुढे आली. मायराम नाव, तिशीची असेल, नवरा तीन वर्षांपूर्वी वारलेला. बायकांना घेतात का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, घेत नाही असं कुठे लिहिलेलं नाही, पण आजवर कुणी आली नाही. तुला वेल्डिंग येतं?

नवऱ्याचं मशीन होतं, ती म्हणाली. तो गेल्यावर विकायला काढलं, कुणी घेईना, मग तीच वापरायला लागली. तेवढ्यात मागून कुणीतरी काहीतरी टोमणा मारला आणि एक-दोघे हसले. सागिनबेक उठला. काय जोडलंयस ते दाखव, म्हणाला.

ती आम्हाला घरी घेऊन गेली. सासरा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला आहे, त्याला टेकून बसता यावं म्हणून तिने पाइपांची खाट केली होती, डोक्याकडची बाजू वरखाली होणारी. म्हातारा त्याच खाटेवर बसून मुळ्याचे काप खात होता. सागिनबेकने त्याला सलाम केला, प्रकृतीची चौकशी केली, परवानगी घेतली, आणि मग गुडघ्यांवर बसून खाटेखाली वाकला. चष्मा लावला. एकेका सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवत गेला, चारही पाय, मग मधला बिजागरीचा भाग. मायराम दोन्ही हात पोटाशी धरून उभी होती.

"कुणी शिकवलं?" त्याने खालूनच विचारलं.

"कुणी नाही. फोनवर बघून."

"दिसतंय," तो म्हणाला. "पाइप धरायची पद्धत सगळी चूक आहे, ती विसरावी लागेल. पण हात थांबत नाही तुझा. हे शिकवता येत नाही." तो उठला, गुडघे झटकले आणि म्हाताऱ्याला म्हणाला, "आजोबा, सूनबाई सोमवारपासून आमच्याकडे आली तर तुमच्याकडे कोण बघेल?"

म्हाताऱ्याने मुळा गिळला. "माझी बहीण आहे शेजारी. भांडकुदळ आहे, पण बघेल."

मी बॅगेतून अर्ज काढला आणि खाटेच्या कठड्यावर ठेवून मायरामला दिला. तिने नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, वाडी लिहिली. मग 'पूर्वीचा अनुभव' या रकान्याशी येऊन तिचं पेन थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं.

"खाट लिही," मी म्हणाले.